विंडोज ११ आणि फॉक्सप्रोतला जुना हिशोब: आधी काय वाचवायचं, मग काय चालवायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हर्णै बाजूच्या एका मच्छीमार सोसायटीत तुम्ही कामाला आहात. सभासदांची खाती, डिझेल आणि बर्फाची उधारी, नौकावार पावत्या हे सगळं फॉक्सप्रो या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या एका जुन्या प्रोग्रामवर चालतं. विंडोज एक्सपीचा तो जुना पीसी पावसाळी हवेत कधी सुरू होतो, कधी होत नाही, म्हणून संचालकांनी विंडोज ११ चा नवा पीसी घेतला. प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हने नव्या पीसीवर नेलं तर 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढाच संदेश आला. प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ आता सापडत नाहीत. एन्ट्री दोन टेबलांवरून होते, पावती डॉट मॅट्रिक्सवर निघते, आणि सचिव विचारतायत की हे चालेल की नवं सॉफ्टवेअर घ्यायचं.

चालेल. पण प्रोग्राम चालवणं हा यातला सोपा भाग आहे. मला काळजी वाटते ती त्या एक्सपीच्या डिस्कची. ती आज बंद पडली तर कोणत्या खलाशाकडे, कोणत्या नौकेकडे किती बाकी आहे याची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे का? प्रश्नात तसा उल्लेख नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सोसायट्या आणि आंबा-काजूचे व्यापारी यांच्याकडचे असे प्रोग्राम मी बरीच वर्षं सांभाळतोय. बहुतेक ठिकाणी प्रोग्रामची चिंता सगळे करतात, डेटाची कोणी करत नाही.

एक्सपीचा पीसी सुरू होईल त्या दिवशी बाकी काही न करता संपूर्ण फोल्डर कॉपी करा. नुसती इएक्सई फाइल नको, फोल्डरमधलं झाडून सगळं. डीबीएफ विस्ताराच्या फाइल्समध्ये तुमच्या नोंदी असतात. सीडीएक्स किंवा आयडीएक्स या त्यांच्या अनुक्रमणिका. एफपीटी असेल तर त्यात लांब शेरे असतात आणि ती हरवली तर तिच्या जोडीची डीबीएफ उघडतच नाही. शिवाय फॉक्सप्रोचे तयार प्रोग्राम अनेकदा ईएसएल किंवा ईएसओ विस्ताराच्या एका मोठ्या सहायक फाइलवर चालतात, आणि ती दुसऱ्याच फोल्डरमध्ये असू शकते. ती शोधायची युक्ती सोपी आहे. डेस्कटॉपवरचा आयकॉन बहुधा एखाद्या बॅच फाइलकडे, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेल्या साध्या मजकूर फाइलकडे, बोट दाखवतो. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचा. पाथ, सेट अशा ओळींत जी जी फोल्डरं दिसतील ती सगळी बरोबर घ्या. कॉन्फिग.एफपी नावाची फाइल दिसली तर तीही.

पीसी सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या पीसीला लावा. जुन्या पीसीची डिस्क बहुधा आयडीई जोडणीची असते, त्यामुळे अडॅप्टर घेताना आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा घ्या. आणखी एक गोष्ट: नेटवर्क केबलने एक्सपीतलं शेअर केलेलं फोल्डर नव्या पीसीवर दिसलं नाही तर घाबरू नका. एक्सपीला फाइल शेअरिंगची एसएमबी १ हीच जुनी पद्धत येते आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती मुळातच बसवलेली नसते. ती परत चालू करण्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा.

कॉपी झाली की तिचीही एक कॉपी करा आणि त्या दुसऱ्या कॉपीतली सभासदांची डीबीएफ लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. उघडली, नावं आणि रकमा दिसल्या, की तुमचा अर्धा जीव भांड्यात पडेल. डीबीएफची रचना साधी आणि सर्वज्ञात आहे. ती १९८० च्या दशकातल्या डीबेसपासून चालत आलेली आहे आणि आजही ढीगभर साधनं ती वाचतात. एक्सेलही उघडतं, फक्त २००७ च्या आवृत्तीपासून ते डीबीएफ म्हणून परत जतन करत नाही. लिबरऑफिस करतं, आणि तिथेच धोका आहे: चुकून सेव्ह झालं तर रकान्यांची रुंदी बदलू शकते आणि मग मूळ प्रोग्राम रुसतो. म्हणून उघडायची ती कॉपीच. प्रोग्राममधून खोडलेली एखादी नोंद तिथे दिसली तरी गोंधळू नका. फॉक्सप्रोत नोंद खोडली की तिच्यापुढे फक्त एक तारांकन लागतं, पॅक ही आज्ञा दिल्यावरच ती खरोखर जाते.

आता तो संदेश का येतो ते. तुमचा प्रोग्राम १६ बिटी, विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचा आहे. ३२ बिटी विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा. प्रोसेसरच्या आत जुन्या ८०८६ ची नक्कल करण्याची एक खास सोय इंटेलने १९८५ मध्ये ३८६ बरोबर आणली होती, तिच्या जोरावर एनटीव्हीडीएम डॉसचे प्रोग्राम चालवायचा. प्रोसेसर ६४ बिटी पद्धतीने चालू लागला की ही सोय उपलब्धच राहत नाही, आणि ६४ बिटी विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीव्हीडीएम दिलाच नाही. त्यामुळे उजवं बटण दाबून कम्पॅटिबिलिटीत 'विंडोज एक्सपी' निवडणं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं, यांतल्या कशानेही फरक पडणार नाही. विंडोज १० ची ३२ बिटी आवृत्ती होती आणि तिच्यावर असे प्रोग्राम चालायचे. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती निघालीच नाही. ६४ बिटी विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम घुसवणारी एक अनधिकृत जोडणीही इंटरनेटवर फिरते. सोसायटीच्या पैशांचा हिशोब ज्या पीसीवर आहे त्यावर मी ती बसवणार नाही.

उरतो तो मार्ग म्हणजे डॉसची पूर्ण नक्कल करणारा प्रोग्राम, किंवा विंडोज ११ च्या आत एक आभासी जुना पीसी. यातलं काय निवडायचं ते तीन गोष्टींवर ठरतं: एका वेळी किती जण एन्ट्री करतात, छपाई कशी होते, आणि पडद्यावर नावं इंग्रजीत आहेत की मराठीत.

एकाच टेबलावर काम असेल तर मी डॉसबॉक्स-एक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम सुचवतो. नुसता डॉसबॉक्स नको. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला आहे, त्यात प्रिंटरचं पोर्टच नाही. डॉसबॉक्स-एक्स त्याचीच पुढची शाखा आहे. त्यात प्रिंटरचं समांतर पोर्ट आहे, दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून फाइल कुलूपबंद करायची सोय आहे, आणि तो फुकट आहे. वीडॉस नावाचा आणखी एक प्रोग्राम खास अशा मजकुरी पडद्याच्या व्यावसायिक कामासाठीच लिहिलेला आहे. तोही चांगला चालतो, अक्षरं तर त्यात फारच सुबक दिसतात.

मांडणी अशी करा. फोल्डर सरळ सी ड्राइव्हवर, आठ अक्षरांच्या आतल्या साध्या इंग्रजी नावाने ठेवा. प्रोग्राम फाइल्समध्ये नको, तिथे विंडोज लिहू देत नाही. डेस्कटॉपवर नको, तो नव्या पीसीत पुष्कळदा वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीला जोडलेला असतो आणि उघड्या डीबीएफची मधेच ढगात कॉपी जाणं बरं नाही. प्रोग्राम पूर्वी ज्या ड्राइव्हवर होता, समजा डी, तेच अक्षर डॉसबॉक्स-एक्समध्ये फोल्डर माउंट करताना, म्हणजे ड्राइव्ह म्हणून जोडताना, द्या, कारण जुन्या प्रोग्रामांत मार्ग आतच लिहिलेला असतो. एका वेळी उघडता येणाऱ्या फाइल्सची मर्यादा वाढवून शंभराच्या पुढे न्या. खातेवहीचे प्रोग्राम एकाच वेळी बऱ्याच फाइल्स उघडतात आणि मर्यादा कमी पडली की भलत्याच ठिकाणी थांबतात. सुरू होतानाच शून्याने भागाकार झाल्याची चूक आली तर प्रोग्राम बिघडलेला नाही. त्या काळचे काही प्रोग्राम सुरुवातीला एक लूप फिरवून पीसीचा वेग मोजतात, आणि वेग खूप जास्त निघाला की भाजक शून्य होतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये सायकल्स हा वेगाचा आकडा कमी करून वेग उतरवा, चूक जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या पीसीएवढा वेग या कामाला पुरतो.

छपाईला मात्र वेळ राखून ठेवा. प्रोग्राम पहिल्याच दिवशी सुरू होतो आणि लोक खूश होतात, मग पावती काढायला जातात आणि अडकतात. डॉसचा प्रोग्राम एलपीटी १ या प्रिंटरच्या समांतर पोर्टवर सरळ अक्षरं आणि एस्केपने सुरू होणारे संकेत पाठवतो: अक्षरं बारीक कर, पानाची लांबी इतकी धर, पुढच्या पानावर जा. रुंद रजिस्टर साध्या ऐंशी रकान्यांच्या कागदावर बसवायला प्रोग्राम बारीक अक्षरांचा संकेत देतो आणि ओळीत १३६-१३७ अक्षरं बसवतो. हे संकेत प्रिंटरपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजेत. मधे विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर आला की तो मजकुराचं चित्र करतो, पावती हळूहळू छापतो आणि चार इंचांच्या पावतीला अख्खं ए-४ पान सोडतो.

मी करतो ते असं. डॉट मॅट्रिक्स यूएसबीने नव्या पीसीला जोडतो आणि विंडोजच्या यादीतला 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर निवडून प्रिंटर एका छोट्या नावाने शेअर करतो. डॉसबॉक्स-एक्सचं समांतर पोर्ट फाइलकडे वळवतो. प्रोग्रामने छापलं की ती फाइल तयार होते, आणि एक छोटी बॅच फाइल ती बायनरी पद्धतीने कॉपी करून त्या शेअर नावाकडे पाठवते. संकेत अबाधित राहतात, पावती फाडायच्या रेषेवरच थांबते, कार्बन कॉपी पूर्वीसारखी निघते. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली तर एप्सनचे ईएससी/पी संकेत समजणाराच घ्या, कारण जुने प्रोग्राम बहुतेक त्याच भाषेत बोलतात. लेझर प्रिंटरवर काढायचं असेल तर डॉसबॉक्स-एक्स स्वतः डॉट मॅट्रिक्सची नक्कल करून पान तयार करतो. वार्षिक याद्यांना ते चालतं, रोजच्या पावतीला नाही. आणि बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते. तुमच्या प्रोग्रामला जुन्या पोर्टात लावायचं कुलूप, म्हणजे डोंगल असेल, तर ते त्या केबलवर ओळखलं जाणार नाही. डोंगल असेल तर आधी सांगा, तेव्हा सगळा मार्गच बदलतो.

आता दोन टेबलांचा मुद्दा. इथे मी सावध आहे. दोन पीसींवर दोन डॉसबॉक्स-एक्स आणि दोघांचं एकच फोल्डर, हे जमवता येतं, पण त्यासाठी कुलूपबंदीची सोय चालू हवी, आणि फोल्डरची यादी तो स्मरणात धरून ठेवतो ते बंद करावं लागतं. नाहीतर एकाने केलेली नवी फाइल दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय विंडोज स्वतः नेटवर्कवरची फाइल वेगासाठी आपल्याकडे धरून ठेवतं. डीबीएफच्या अनुक्रमणिका अशानेच बिघडतात: नोंद असते, पण खाते क्रमांकाने शोधली की सापडत नाही. म्हणून मी आधी विचारतो की दोघांनी एकाच क्षणी लिहिणं खरंच गरजेचं आहे का. सकाळी बर्फ-डिझेलच्या वेळी गर्दी असते हे मला ठाऊक आहे. पण पुष्कळ सोसायट्यांत दुसरं टेबल फक्त बाकी बघण्यासाठी असतं. तसं असेल तर दुसऱ्या पीसीवर दर तासाला बॅच फाइलने ताजी कॉपी पाठवा आणि तिथून फक्त बघा. कॉपी घेताना पहिल्या टेबलावरून मिनिटभर प्रोग्राममधून बाहेर पडावं लागेल, तेवढं सांभाळा.

दोघांनी लिहायचंच असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी पीसीत ३२ बिटी जुनं विंडोज बसवणं मला अधिक भरवशाचं वाटतं. त्यात एनटीव्हीडीएम आहे आणि प्रोग्राम ज्या वातावरणात इतकी वर्षं चालला तेच त्याला मिळतं. पण त्या विंडोजचा वैध परवाना हवा, आणि जुन्या पीसीबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच पीसीपुरता असतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, त्यामुळे त्या आभासी पीसीला इंटरनेट अजिबात देऊ नका.

मराठीचं. पडद्यावर सभासदांची नावं इंग्रजीत असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. ती देवनागरीत असतील तर तुमच्या जुन्या पीसीत बहुधा डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं, सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड आहे, किंवा त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर. ते कार्ड जुन्या आयसा खाचेत बसतं आणि नव्या मदरबोर्डवर ती खाच नसते. त्याच्याशिवाय प्रोग्राम चालेल, आकडे बरोबर येतील, पण नावांच्या जागी रेघा आणि परकी अक्षरं दिसतील. डेटा खराब झालेला नसतो. तो बहुधा इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात असतो आणि युनिकोडमध्ये नीट बदलता येतो, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच आली आहे. फक्त बदललेली नावं त्याच डीबीएफमध्ये परत कोंबू नका. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट लागतो, युटीएफ-८ मध्ये तीन. तीस बाइटांच्या रकान्यात मग दहाच चिन्हं मावतात आणि आडनावं तुटतात. अशा वेळी जुना प्रोग्राम फक्त पाहण्यापुरता ठेवावा आणि नव्या सॉफ्टवेअरकडे लवकर जावं, असं माझं मत आहे.

वीज. आपल्याकडे जून-जुलैत ती किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. डीबीएफच्या सुरुवातीलाच, शीर्षभागात, एकूण नोंदींचा आकडा लिहिलेला असतो. नोंदी लिहिल्या गेल्या आणि आकडा बदलायच्या आत वीज गेली की दोन्हींचा मेळ तुटतो, आणि सकाळी फॉक्सप्रो म्हणतो की ही डेटाबेस फाइलच नाही. डॉसबॉक्स-एक्सची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली तरी हेच होऊ शकतं, म्हणून नेहमी मेनूतून बाहेर पडायची सवय दोन्ही टेबलांना लावा. यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. फाइल तशी बिघडलीच तर ती फेकू नका. फाइलच्या आकारातून शीर्षभागाची लांबी वजा करून उरलेल्याला एका नोंदीच्या लांबीने भागलं की खऱ्या नोंदींची संख्या निघते, आणि तो आकडा दुरुस्त करता येतो. अनुक्रमणिका बिघडली असेल तर प्रोग्रामच्या मेनूत रिइंडेक्स, म्हणजे अनुक्रमणिका नव्याने बांधायची सोय, शोधा. सीडीएक्स फाइल हाताने पुसू नका, डीबीएफ तिची वाट बघत असते आणि ती नसली की तक्रार करते.

बॅकअप रोज, प्रोग्राम बंद केल्यावर, वाराच्या नावाच्या सात फोल्डरांत. आणि आठवड्यातून एक प्रत गावाबाहेर. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं होतं. पीसी आणि त्याचा बॅकअप एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकत्रच जातात. अशा प्रोग्रामचा अख्खा डेटा झिप केल्यावर बहुधा ईमेलला जोडण्याएवढाच असतो. सचिवांच्या आणि एखाद्या संचालकांच्या ईमेलवर तो पाठवत जा, झिपला पासवर्ड लावून.

सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. दोन्ही करायचं, पण एकाच वेळी नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत व्यवहार कमी असतात. त्या काळात डॉसबॉक्स-एक्सवर प्रोग्राम, छपाई आणि बॅकअप बसवा आणि जुन्या-नव्या पीसीवरच्या सभासदवार बाक्या यादी समोर ठेवून ताडून पाहा. नवं सॉफ्टवेअर पुढच्या १ एप्रिलला, ताळेबंदातल्या आरंभीच्या शिलकांपासून सुरू करा. आर्थिक वर्षाच्या मधेच बदललात तर लेखापरीक्षणाच्या वेळी एकाच वर्षाचा हिशोब दोन ठिकाणी शोधावा लागेल. नवं सॉफ्टवेअर देणाऱ्याला डीबीएफच्या कॉपी दाखवून आधीच विचारा की सभासद आणि बाक्या यातून थेट घेणार का. घेणार नसेल तर दुसरा बघा. सगळं हाताने पुन्हा भरण्यात चुका होतातच, आणि त्या चुका कोणाच्या तरी उधारीत जातात. जुना प्रोग्राम नंतरही काढू नका, मागच्या वर्षांची खाती बघायला तो लागेल.

तुमच्याकडे पीआरजी विस्ताराच्या फाइल्स सापडल्या तर मला नक्की कळवा. तो प्रोग्रामचा मूळ मजकूर असतो. हार्बर नावाचा मुक्त कंपायलर क्लिपर या डीबीएफवरच चालणाऱ्या जुन्या भाषेच्या घराण्यातला आहे, थोडे बदल करून त्यावर असा प्रोग्राम आजच्या विंडोजसाठी नव्याने बांधता येऊ शकतो. फॉक्सप्रोचा असेल तर बदल जास्त लागतात, पण बघण्यासारखं नक्की आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी हव्यात: फोल्डरमधल्या फाइल्सची यादी, ती बॅच फाइल, प्रिंटरचं मॉडेल, आणि सभासद यादीच्या पडद्याचा फोटो. फोटोत नावं आणि रकमा झाकून पाठवा, अक्षरं कशी दिसतात एवढं कळलं तरी पुरे. ते आलं की डॉसबॉक्स-एक्सची सेटिंग फाइल आणि छपाईची बॅच फाइल तुमच्यासाठी लिहून देतो.